मंत्र्याचं बोलणं मंत्र्यापेक्षा जास्त मनावर घ्या

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका वाचकाचा आहे. घरी कांदा, स्वतः पतसंस्थेत नोकरीला. २०२३ च्या कांदा प्रकरणावर त्यांनी एक उपरोधिक लेख लिहिला. मित्र हसले. वडील मात्र वाचून म्हणाले, "ह्यात नुसत्या शिव्या आहेत. मंत्र्याला काय फरक पडतो?" चुकतंय कुठे, आणि असं लिहिल्याने गुन्हा दाखल होऊ शकतो का, असं त्यांनी विचारलंय. मसुदाही पाठवलाय.

वडिलांचं बरोबर आहे, आधीच सांगून टाकतो. मी सत्तावीस वर्षं एका जिल्हा दैनिकात तिरकस सदर चालवलं. त्या काळातले मुख्यमंत्री मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत, आणि प्रत्येकाच्या कारकिर्दीत मला कोणी ना कोणी 'विरोधकांचा माणूस' ठरवलंय. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

तुमचा मसुदा सुरू होतो असा : "ढेरपोट्या मंत्र्याला कांद्याचं काय! त्याच्या ताटात काजू-बदाम." ही ओळ कोणत्याही साली, कोणत्याही खात्याच्या मंत्र्याला लावता येते. मंत्री बदलला तरी ती तशीच चालते, म्हणजे ती ह्या मंत्र्याला लागलेलीच नाही. शिवाय पोट शेतकऱ्याचंही सुटतं. वाचणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच पोट आत ओढून घेतात आणि पुढचं वाचत नाहीत.

पण आठव्या ओळीत तुम्ही, बहुधा नकळत, सोनं टाकलंय : "दोन-चार महिने खाऊ नका म्हणता साहेब, पण आमचा चाळीतला कांदा दोन-चार महिने थांबला पाहिजे ना!" लेख इथून सुरू व्हायला हवा होता. (बाकीच्या वाचकांसाठी : चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर छपरी.)

प्रसंग थोडक्यात आठवू. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. दोनच दिवसांत नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. त्या गदारोळात पालकमंत्री दादा भुसे म्हणाले की, ज्यांना कांदा परवडत नाही त्यांनी दोन-चार महिने तो खाल्ला नाही तर काही बिघडत नाही. बोलण्याचा आशय असा. त्यावर सगळ्यांनी काय केलं? संताप केला. संताप रास्तच होता, पण संतापाला उत्तर देणं मंत्र्याला सोपं जातं : "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला." संपलं.

मी ह्याच्या उलट करायला सांगतो. मंत्र्याचं म्हणणं अक्षरशः खरं माना. मंत्र्याने स्वतः मनावर घेतलं नसेल इतकं मनावर घ्या, आणि ते जिथे जाईल तिथे त्याच्या मागोमाग जा. उन्हाळ कांदा एप्रिल-मे मध्ये चाळीत जातो. ऑगस्टपासून दोन-चार महिने म्हणजे दिवाळी आली किंवा उलटली. तोवर चाळीत कोंब फुटलेले असतात, खालचा थर सडलेला असतो, आणि बाजारात नवा लाल कांदा येऊ घातलेला असतो. म्हणजे गिऱ्हाइकाने सल्ला मानला की चाळ आपोआप रिकामी, उकिरड्यावर. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते लिहा. वास कसा येतो तेही लिहा.

आणि मग एक पाऊल पुढे. तेव्हा माझ्या सदरात असं काहीसं आलं होतं :

"पालकमंत्र्यांचा सल्ला मानून आम्ही कांदा बंद केला. काही बिघडलं नाही. महाराष्ट्राला ह्याचा जुना अनुभव आहे. ३० जून ते ९ ऑगस्ट २०२२ ह्या काळात राज्याने मंत्री बंद करून पाहिले होते. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री सोडले तर एकही नाही. चाळीस दिवस. काही बिघडल्याची तक्रार शासनदरबारी नोंद नाही. तेव्हा ज्यांना मंत्री परवडत नाहीत, त्यांनी दोन-चार महिने…"

तिथेच टिंबं दिली. शिवी एकही नाही. तारखा कोणीही तपासाव्यात. माप त्यांचंच, फक्त त्याने दुसरी वस्तू मोजली. आणि त्या ९ ऑगस्टला शपथ घेणाऱ्यांत स्वतः पालकमंत्रीही होते, हे मी लिहिलं नाही. वाचकाला थोडं काम ठेवावं. जो जोडून घेतो, तो दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगतो.

कांद्यावरून आणखी एक आठवलं. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या की, त्या ज्या घरातून येतात तिथे कांदा-लसणाशी फारसा संबंध नाही. क्लिप देशभर फिरली. पण ते वाक्य मधूनच आलेल्या एका सदस्याच्या शेऱ्याला उत्तर होतं, मूळ भाषण भाववाढीवरच्या उपायांचं होतं. नुसती क्लिप पाहून लिहाल तर मंत्री पूर्ण भाषण काढून दाखवतील आणि तुमचा उपरोध उताणा पडेल. पूर्ण भाषण वाचून लिहा. बहुतेक वेळा भाषणात क्लिपपेक्षा जास्त माल निघतो.

माल कुठे मिळतो, हे आमच्या धंद्यातलं खरं गुपित. भाषणात कमी, कागदात जास्त. विधानमंडळातल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं कधी वाचली आहेत? "(१) अमुक पूल तीन वर्षांपासून अर्धवट आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि खाली उत्तर : "(१) हे अंशतः खरे आहे. (२) प्रस्ताव विचाराधीन आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही." इतका आटोपशीर विनोद लिहायला मला सत्तावीस वर्षांत जमलं नाही. पूल अर्धवट आहे हे अंशतः खरं! मी कित्येकदा ह्या तीन उत्तरांखाली घरगुती प्रश्न लिहून सदर भरलंय. डाळ करपली हे खरे आहे काय? हे अंशतः खरे आहे. कोणी करपवली? बाब तपासण्यात येत आहे. जेवायला काय आहे? प्रश्न उद्भवत नाही.

आकड्यांचंही तसंच. मार्च २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे बोलले, ते ह्या कलेचा वस्तुपाठ म्हणून मी नव्या मुलांना सांगतो. ते तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच आमदार, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मंत्री. कागदोपत्री दिसत होतं की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले. एखादा सामान्य वक्ता "घोटाळा, घोटाळा" म्हणून ओरडला असता. खडशांनी आकडा खरा मानला आणि भागाकार केला. दिवसाला ४५,६२८ उंदीर. मिनिटाला एकतीसच्या वर. वजन दिवसाला नऊ हजार किलोंहून अधिक, म्हणजे मेलेले उंदीर न्यायला रोज ट्रक लागणार. मग तो ट्रक गेला कुठे? सभागृह हसत होतं, आणि हसता हसता हिशोब समजत होता. नंतर खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा होता. खुलासाही लेखात घ्यावा, न्याय म्हणून घ्यावा. शिवाय खुलाशाने मजा वाढते : सव्वातीन लाख गोळ्या खाणारे उंदीर मंत्रालयात किती असावेत, हा नवाच प्रश्न उभा राहतो.

धोरणावर लिहायचं तर घोषणेतली मुदत शोधा. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार ही गावोगावी पाणी अडवण्याची योजना आली, ब्रीदवाक्यासकट : 'सर्वांसाठी पाणी – टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९'. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस सरकारनेच १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढे २०२० मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा अहवाल आला : ९,६०० कोटींच्या वर खर्च, भूजलपातळीवर परिणाम फारसा नाही. ह्या तीन गोष्टी तारखेसह एकाखाली एक मांडल्या की आपण गप्प बसायचं. पण एक खबरदारी. काही गावांत बंधाऱ्यात पाणी साठलं, हेही खरं आहे. तिथल्या माणसाला तुमचा लेख वाचून "हा आमच्या गावी आलेला दिसत नाही" असं वाटता कामा नये. म्हणून बाण गावच्या बंधाऱ्यावर सोडू नका, '२०१९' ह्या चार अंकांवर सोडा.

कधी कधी वास्तव इतकं पुढे जातं की आपल्याला हातच लावता येत नाही. जुलै २०२५, पावसाळी अधिवेशन. कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळतात असा व्हिडिओ बाहेर आला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिना संपायच्या आत त्यांचं कृषी खातं गेलं आणि नवं खातं मिळालं : क्रीडा. त्या रात्री मला तीन मित्रांचे फोन आले, "उद्या काय लिहिणार?" मी म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी सदरात दोनच ओळी दिल्या. जुनं खातं अमुक, नवं खातं तमुक. खाली त्यांचा जाहिरातीचा खुलासा, जसाच्या तसा. शेजारची जागा कोरी. संपादक म्हणाले जागा वाया गेली. मला अजूनही तसं वाटत नाही.

आता हसू कुठे थांबवायचं. २०१८ च्या सुरुवातीला मंत्रालयात दाद मागायला आलेल्या माणसांनी जीव दिल्याच्या घटना घडल्या. धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याची त्यात गोष्ट होती. शासनाचा तातडीचा उपाय काय, तर इमारतीच्या मधल्या चौकात जाळी बांधली. उपहासाला ह्याहून मोठा ऐवज मिळणार नाही, तरी मी त्या वर्षी जाळीवर एक ओळ लिहिली नाही. ज्या घरी माणूस गेलाय, त्या घरी आपला पेपर जातो. पुढे ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ, सत्तेतले असूनही, काही आदिवासी आमदारांसह आपल्या मागण्यांसाठी त्याच जाळीत उतरले आणि सुखरूप बाहेर आले. तेव्हा लिहिलं, शासन निर्णयाच्या थाटात :

"विषय : मंत्रालयातील जाळीच्या सुयोग्य वापराबाबत.
प्रस्तावना : मंत्रालयात दाद मागण्यासाठी दालन, लिफ्ट व जाळी असे तीन मार्ग उपलब्ध आहेत. पैकी पहिले दोन मार्ग गर्दीमुळे लोकप्रतिनिधींसही मिळत नसल्याची बाब शासनाच्या निदर्शनास आली आहे.
शासन निर्णय : (१) जाळीचा मधला भाग घटनात्मक पदाधिकाऱ्यांसाठी राखीव राहील. (२) सदर जाळीत पडलेल्या मागणीची पोच सात दिवसांत देण्यात यावी. (३) जाळीच्या भोकांतून खाली पडणाऱ्या मागण्यांबाबत शासन सकारात्मक आहे."

जाळी तीच, सहा वर्षांनी माणूस बदलला म्हणून लिहिता आलं. आणि भाषा बघा, 'सदर', 'निदर्शनास', 'सकारात्मक'. मंत्र्यावर लिहिताना आदर वाढवायचा असतो. तुमच्या मसुद्यात "हा मंत्री", "त्याला" असं आहे. तिथे "मंत्रिमहोदय" आणि "त्यांना" घाला, मग बघा धार कशी येते.

शासन निर्णयाचं विडंबन करताना एक धोका असतो, तो मी स्वतः खाल्लाय. २०१३ चा दुष्काळ होता. मी लिहिलं : टँकर हवा असल्यास रिकाम्या हंड्याचा फोटो, राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून, दोन प्रतींत जोडावा. तिसऱ्या दिवशी एका तहसील कार्यालयातल्या ओळखीच्या कारकुनाचा फोन आला, हसून बोलता येत नव्हतं त्याला. दोन बायका खरंच फोटो घेऊन आल्या होत्या. कोणी तरी त्यांना कात्रण वाचून दाखवलं होतं. फोटोचे साठ रुपये गेले होते, वर एसटीचं भाडं. मी गाडी काढून गेलो, पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. एक म्हणाली, "राहू द्या फोटो. पुढच्या वेळी मागतीलच." त्यानंतर प्रत्येक खोट्या जीआरमध्ये मी एक तरी अट अशी घालतो की जी कोणत्याच खात्याला सुचणार नाही. दिवसेंदिवस अशी अट शोधणं अवघड होत चाललंय, ते सोडा.

निशाणा चुकला तर काय होतं, त्याचंही एक उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१६, मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे निघत होते. 'सामना'त एका व्यंगचित्रात 'मूक'चा 'मुका' केला गेला. कोटी म्हणून ती शाळकरी होती. पण खरा दोष असा की ती सरकारवर नव्हती, रस्त्यावर शांतपणे चालणाऱ्या माणसांवर होती. कार्यालयांवर दगड पडले आणि शेवटी पक्षप्रमुखांना माफी मागावी लागली. दगडफेकीचं समर्थन करत नाही. पण लाडकी बहीण योजनेवर लिहिणाऱ्या तरुणांना मी हेच उदाहरण देतो. महिन्याला दीड हजार घेणाऱ्या बाईवर टवाळकी करणारे विनोद बघतो तेव्हा वाईट वाटतं. २०२५ मध्ये त्याच योजनेत चौदा हजारांहून जास्त पुरुष लाभार्थी सापडले. निवडणुकीआधी घाईने अर्ज मंजूर करणाऱ्या यंत्रणेला चौदा हजार भाऊ बहिणी वाटले, विषय तिथे आहे.

गुन्ह्याचं आता. मी वकील नाही, पण पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला माणूस आहे. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते. तिथला एक अपवाद पाठ करून ठेवा : लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल, आणि त्या कामात त्याचा जेवढा स्वभाव दिसतो तेवढ्यापुरतं, सद्भावनेने मत मांडणं ही बदनामी नाही. तेवढ्यापुरतं, त्यापुढे नाही. म्हणजे निर्यातशुल्क, सल्ला, शपथेची तारीख आत, ढेरपोट बाहेर. तुमच्या वडिलांनी कायदा न वाचता हेच सांगितलं. शिक्षेत दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे, दंड आहे, आणि नव्या कायद्याने समाजसेवाही आणलीय. आयुष्यभर समाजसेवा केल्याचं सांगणाऱ्यांची बदनामी केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा! ज्याने हे कलम लिहिलं त्याला आमच्या सदरात जागा होती.

बदनामी अदखलपात्र आहे, पोलीस आपण होऊन उचलत नाहीत. म्हणून कार्यकर्त्यांच्या तक्रारीत सोबत सार्वजनिक क्षोभाचं, म्हणजे ३५३ कलम जोडलं जातं. न्यायालयं बऱ्याचदा उदार असतात. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी ह्या व्यंगचित्रकाराला मुंबईत देशद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं की ह्या चित्रांत विनोद वा उपरोध दिसत नाही, निव्वळ संताप आहे, तरी हा देशद्रोह नाही. (न्यायालयाने समीक्षाही करून टाकली.) त्याच निकालातली मार्गदर्शक तत्त्वं सांगायला राज्य सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये परिपत्रक काढलं, आणि मराठी भाषांतर असं झालं की लोकप्रतिनिधींवरची टीकासुद्धा देशद्रोहात बसेल. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये ते मागे घेतलं. आम्ही दोन महिने निव्वळ वाईट मराठीमुळे देशद्रोही होतो.

त्रास कायद्यापेक्षा रस्त्यावरून येतो, आणि त्यात पक्ष पाहू नका. १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' निघालं, व्यंगचित्रांचं साप्ताहिक, आणि प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. साठ वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला मुख्यमंत्र्यांचं व्यंगचित्र पुढे पाठवलं म्हणून मारहाण झाली, आणि मारणारे त्या साप्ताहिकातून उभ्या राहिलेल्या शिवसेनेचेच. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराने उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत म्हटलं, नाव न घेता. ते कोणावर आहे हे खारचा स्टुडिओ फोडून कार्यकर्त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी महापालिका हातोडे घेऊन हजर.

तेव्हा प्रत्येक तारखेचं कात्रण जपून ठेवा, लेख टाकण्याआधी घरातल्या एका न हसणाऱ्या माणसाला वाचायला द्या. तो तुमच्याकडे आहेच.

मसुद्याचं सांगायचं तर पहिल्या सात ओळी काढा. आठवी वर घ्या. त्याखाली ऑगस्ट २०२३ मधला, लिलाव बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या बाजाराचा लासलगावचा भाव क्विंटलमध्ये लिहा, मग चाळीतला खालचा थर. काजू-बदाम नको. वडिलांचं वाक्य मात्र लेखात घ्या, आहे तसं, त्यांना विचारून. आणि पुन्हा पाठवा.